जुनाट कंडराभंग आणि कृत्रिम जानुसंधी

झिजलेल्या गुडघ्याच्या जागी धातू व प्लॅस्टिक यांचा सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आता इतकी रुळली आहे की, तिच्या यशामागे एक अट गृहीत धरलेली असते याचा विसर पडू लागला आहे. ती अट अशी की, सांधा हलविणारी यंत्रणा शाबूत असली पाहिजे. कृत्रिम सांधा रुग्णास गुळगुळीत पृष्ठे देतो. पाय सरळ करण्याचे बळ तो देत नाही. ते बळ मांडीच्या पुढील स्नायूंत उत्पन्न होते आणि कंडरांच्या द्वारा नडगीच्या हाडापर्यंत पोचते. ज्याची ही कंडरा महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे, तुटलेली आहे आणि ज्याचा गुडघाही झिजलेला आहे, अशा रुग्णाच्या एकाच सांध्यात दोन दुखणी नांदत असतात. क्ष-किरणचित्रात ठळक दिसते ते हाडांचे दुखणे. परंतु शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आपल्या पायावर उभा राहणार की नाही, याचा निकाल बहुधा दुसऱ्या दुखण्यावर लागतो. शल्यविशारदाच्या योजनेत म्हणूनच कंडरेस अग्रस्थान द्यावे लागते आणि सांध्याने तिच्या मागण्यांशी जुळवून घ्यावे लागते.

प्रथम रचना पाहू. मांडीच्या पुढील बाजूस चतुःशिरस्क हा शरीरातील अत्यंत बलवान स्नायूंपैकी एक स्नायू आहे. त्याचे चार भाग खाली एकत्र येऊन एक जाड कंडरा बनते आणि ती गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेस चिकटते. वाटीच्या खालच्या टोकापासून दुसरी कंडरा निघते व नडगीच्या हाडाच्या पुढील उंचवट्यावर रुजते. या दुसरीची दोन्ही टोके हाडांत असल्याने काटेकोर शारीरशास्त्रज्ञ तिला अस्थिबंध म्हणतात; कार्याच्या दृष्टीने ती कंडराच होय, आणि पुढील विवेचनात तिला वाटीखालची कंडरा असेच म्हटले आहे. वाटीच्या दोहों बाजूंस तंतुमय पटले आहेत व तीही काही प्रमाणात ओढ पोचवितात. स्नायू, वरची कंडरा, वाटी, खालची कंडरा आणि उंचवटा ही एकच साखळी आहे. तिला प्रसारण-यंत्रणा असे नाव देता येईल. साखळीचा कोणताही एक दुवा तुटला तरी परिणाम एकच होतो.

कंडरा हा शब्द आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सोळा कंडरा मोजल्या आहेत, आणि जानु हे मर्म मानून त्यावरील आघाताने लंगडेपणा येतो असे सांगितले आहे. तेथील कंडरेचा अर्थ आजच्या अर्थाशी सर्वत्र तंतोतंत जुळेलच असे नाही. तथापि गुडघ्याच्या आघाताचे फळ मृत्यू नसून वैकल्य आहे, हे त्या वर्गीकरणामागील निरीक्षण मात्र अचूक आहे.

या यंत्रणेतील वाटीचे कार्य कप्पीसारखे आहे. ती कंडरेस सांध्याच्या मध्यापासून पुढे उचलून धरते आणि त्यामुळे स्नायूच्या ओढीस अधिक लांबीची भुजा मिळते. कॉफर यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार, गुडघा पूर्ण सरळ होत असता वाटीमुळे मिळणारा हा लाभ सुमारे ३० टक्क्यांपर्यंत जातो. लीब आणि पेरी यांनी १९६८ साली आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली होती. गुडघा सरळ करण्याच्या क्रियेतील शेवटचे १५ अंश पार पाडण्यास स्नायूला सुमारे ६० टक्के अधिक बळ लावावे लागते. म्हणजे ज्या टप्प्यावर माणूस उभा राहतो, त्याच टप्प्यावर यंत्रणेची कसोटी सर्वाधिक कठीण असते.

यातून निघणारा एक हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहण्यासारखा आहे. ओढीची भुजा ४ ते ५ सेंटिमीटर धरली आणि कंडरा शिवणीच्या जागी केवळ १ सेंटिमीटरने सैल पडली अशी कल्पना केली, तर साध्या भूमितीने सुमारे ११ ते १४ अंशांची तूट येते. स्नायू पूर्ण आकुंचन पावला तरी पाय तेवढा वाकलेलाच राहतो. दोन सेंटिमीटरची ढिलाई म्हणजे पंचवीस अंशांच्या आसपासची तूट, आणि असा पाय भर रस्त्यावर दगा देतो. शल्यविशारदाच्या हातून राहून गेलेली बोटाच्या पेराएवढी ढिलाई रुग्णाच्या पायात काय रूप घेते, हे यावरून ध्यानात यावे.

येथे दोन गोष्टींची गल्लत टाळली पाहिजे. दुसऱ्याने हाताने सरळ करू पाहिले तरी जो गुडघा सरळ होत नाही, तो आखडलेला गुडघा. दुसऱ्याने सरळ केला असता सहज सरळ होतो, परंतु रुग्णास स्वतःच्या बळाने तसा धरता येत नाही, त्या गुडघ्यात प्रसारण-तूट आहे असे म्हणावे. पहिल्यात अडथळा आहे. दुसऱ्यात ओढीचा अभाव आहे. जुन्या संधिवाताच्या रुग्णात ही दोन्ही एकत्र आढळतात, आणि मग पहिलीच्या आड दुसरी दडून बसते. पाय सरळ होत नाही याचे खापर झिजेवर फोडले जाते आणि कंडरा तपासलीच जात नाही. बाजूची पटले शाबूत असली तर रुग्ण आडवा पडून पाय थोडाफार उचलूनही दाखवितो, त्यामुळे फसगत वाढते. गुडघ्याच्या संधिरोपणासाठी आलेल्या प्रत्येक रुग्णास खाटेच्या कडेवर बसवून, पाय लोंबते सोडून, मग तो पूर्ण सरळ करून धरावयास सांगणे ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. ती न करण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

मग असे रुग्ण इतकी वर्षे चालतात तरी कसे? सपाट जमिनीवर माणूस गुडघा मागे रेटून, शरीराचा भार त्याच्या पुढे टाकून उभा राहू शकतो. भाररेषा सांध्याच्या पुढून गेली की गुडघा आपोआप कुलूपबंद होतो; स्नायूची गरज उरत नाही. पोलिओमुळे मांडीचे स्नायू दुर्बल झालेली माणसे हीच युक्ती करतात, व ती अपुरी पडली तर हाताने मांडी दाबून चालतात. आपल्याकडील वाचकांस ते दृश्य अपरिचित नाही. परंतु उतार, पायरी, खुर्चीवरून उठणे, बसमध्ये चढणे या प्रसंगी युक्ती चालत नाही. गुडघा किंचित वाकला की भाररेषा त्याच्या मागे पडते आणि माणूस कोसळतो. झिजलेला गुडघा अनेकदा आखडून १० ते १५ अंश वाकलेलाच राहतो. अशा रुग्णापाशी तर ही युक्तीसुद्धा उरत नाही. तो काठी, कठडा आणि दुसऱ्याचा खांदा यांवर जगतो. या अवस्थेतील माणूस संधिरोपण मागतो तेव्हा त्याची तक्रार बहुधा दुखण्याची असते. त्याचे पडणे कोणत्या कारणाने होते हे शोधून काढणे वैद्याचे काम आहे.

कंडरा निरोगी असताना सहसा तुटत नाही. वरची कंडरा बहुधा चाळिशीनंतर तुटते, खालची त्याआधीच्या वयात. १९८१ साली सिवेक व राव यांनी प्रसिद्ध केलेल्या रुग्णसंग्रहात हा भेद स्पष्ट दिसतो. दीर्घकाळचा मूत्रपिंडविकार, मधुमेह, संधिवाताभ, गाऊट, स्टेरॉइड औषधांचे दीर्घ सेवन यांनी कंडरेचे तंतू आधीच कमकुवत झालेले असतात, आणि फ्लुओरोक्विनोलोन वर्गातील प्रतिजैविकांशीही कंडराभंगाचा संबंध जोडला गेला आहे. पायरी चुकणे एवढे निमित्त मग पुरते. संधिरोपणानंतरही कंडरा तुटू शकते, पण ते विरळ आहे. मेयो क्लिनिकमधील २३,८०० संधिरोपणांच्या नोंदींत वरच्या कंडरेचे भंग २४ आढळले, असे डॉब्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली नमूद केले. त्याच संस्थेतून १९८९ साली रँड यांनी खालच्या कंडरेच्या भंगाचे प्रमाण ०.१७ टक्के दिले होते, आणि साध्या शिवणीने केलेल्या दुरुस्त्या बहुतांशी फसल्याचेही प्रांजळपणे लिहिले होते. संधिरोपणाच्या आधीपासूनच कंडरा तुटलेली असण्याचा योग याहूनही दुर्मिळ. त्यावरचे वाङ्मय तुरळक रुग्णवृत्तांतांचे आहे, म्हणून संधिरोपणोत्तर भंगाच्या अनुभवातून मिळालेले ज्ञानच येथे आधारास घ्यावे लागते. तसे करणे रास्त आहे, कारण दोहोंतील यांत्रिक प्रश्न एकच आहे.

ताजी तुटलेली कंडरा आणि जुनी तुटलेली कंडरा या मात्र दोन निरनिराळ्या व्याधी समजाव्यात. ताज्या भंगात टोके जवळ असतात. वाटीत भोके पाडून भक्कम धाग्याने ती ओवून घेतली की बहुतेक रुग्ण बरे होतात. आठवडे लोटले की चित्र पालटते. खालची कंडरा तुटली असेल तर स्नायू वाटीस वर ओढून नेतो. वाटीची उंची मोजण्यासाठी इन्सॉल व साल्वाती यांनी १९७१ साली एक सोपे गुणोत्तर दिले आहे: वाटीखालच्या कंडरेची लांबी भागिले वाटीची लांबी. ते सामान्यतः १ च्या आसपास असते आणि १.२ च्या वर गेले की वाटी वर सरकली असे मानतात. जुन्या भंगात वाटी मांडीच्या हाडाच्या पुढल्या पृष्ठावर जाऊन चिकटलेली आढळते. वरची कंडरा तुटली तर उलट होते. वाटी खाली घसरते आणि स्नायूचे टोक वर आक्रसून जाते. मधल्या पोकळीत व्रणऊती भरते. ती पाहण्यास कंडरेसारखी, पण ताणाखाली हळूहळू लांबत जाणारी असते, आणि पुष्कळ फसलेल्या शस्त्रक्रियांचे मूळ तिच्यावर ठेवलेल्या विश्वासात आहे.

त्याहून गंभीर बदल स्नायूच्या आत होतात. ओढ नाहीशी झालेला स्नायू आपली लांबी कमी करून घेतो, त्याचे तंतू कृश होतात आणि तंतूंच्या मध्ये चरबी साठते. खांद्याच्या कंडरांच्या बाबतीत गुटालिए यांनी १९९४ साली या चरबीची प्रतवारी लावून दिली. तेथील अनुभव असा की, कंडरा पुन्हा जोडली तरी साठलेली चरबी मागे हटत नाही. गुडघ्याच्या बाबतीत यापेक्षा वेगळी अपेक्षा धरण्यास आधार नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय तपासणीत कंडरेच्या टोकांइतकेच लक्ष स्नायूच्या पोटाकडे द्यावे. ज्या दोरीच्या टोकास ओढणारा उरलेला नाही, ती दोरी कितीही कौशल्याने जोडली तरी व्यर्थ होय.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या क्रमाकडे वळू. कंडरा आणि सांधा या दोन्हींचे काम एकाच बैठकीत करावयाचे असेल तर सांधा आधी, कंडरा नंतर, हा क्रम अपरिहार्य आहे. याचे कारण कंडरेची लांबी ही स्वतंत्र राशी नाही. मांडीचे हाड किती कापले, मधली पॉलिथिलीनची चकती किती जाड घातली, सांध्याची रेषा वर गेली की खाली आली, यांवर उंचवट्यापासून वाटीपर्यंतचे अंतर ठरते. आधी कंडरा जोडून मग २ मिलिमीटर जाडीची चकती बदलणे म्हणजे आधी केलेला हिशेब स्वतःच मोडणे होय. सांध्याचे घटक आतल्या बाजूस फिरलेले बसले तर वाटी बाहेरच्या बाजूस सरकू पाहते व नवी जोडणी तिरप्या ताणाखाली येते. सामान्य रुग्णात थोडेसे खपून जाणारे हे दोष येथे खपत नाहीत. तीच गोष्ट आखडलेपणाची. इतर रुग्णांत शस्त्रक्रियेअखेर ५ अंशांचे वाकलेपण राहिले तरी तो पुढे व्यायामाने सुटेल अशी आशा ठेवतात. कंडराभंगाच्या रुग्णात गुडघा टेबलावरच पूर्ण सरळ झाला पाहिजे, कारण त्याचा स्नायू अपुरा पडला तर भाररेषेचे कुलूप हाच त्याचा शेवटचा आधार आहे.

सांध्याची जात निवडतानाही हाच विचार राहतो. इतिहासाच्या दृष्टीने पाहता बिजागरीचा सांधा सर्वांत जुना. बर्लिनमध्ये ग्लुक यांनी १८९० साली हस्तिदंताचा बिजागरी गुडघा बसविला, तर वॉल्डियस यांची बिजागरी १९५१ मधील. रायटिंग्टन येथे गन्स्टन यांनी १९६८ साली केलेले काम आणि न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली वापरात आणलेला सांधा यांनंतर पृष्ठरोपणाचे युग सुरू झाले व बिजागरी मागे पडली. ज्या रुग्णाने वर्षानुवर्षे गुडघा मागे रेटून चालण्याची सवय केली आहे, त्याचे मागचे अस्थिबंध सैल झालेले असतात. अशा वेळी अधिक बंधन असलेला सांधा, क्वचित फिरती बिजागरीही, विचारात घ्यावी लागते. परंतु बिजागरी प्रसारणाचे बळ देते अशी जी समजूत कधी कधी आढळते ती निराधार आहे. बिजागरी दारास दिशा देते. दार ढकलावे लागतेच.

कंडरेच्या पुनर्रचनेचे मार्ग अनेक आहेत, आणि मार्गांची अशी गर्दी जेथे दिसते तेथे एकही पूर्ण समाधानकारक नाही असे खुशाल समजावे. टोके नुसती शिवणे हा मार्ग जुन्या भंगात त्याज्य आहे. वरच्या कंडरेत स्नायूचा पट्टा इंग्रजी व्ही आकारात कापून वाय आकारात शिवावा व लांबी मिळवावी, ही कोदिविल्ला यांच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती उपयोगी आहे, पण लांबीबरोबर ती बळ कमी करते. खालच्या कंडरेसाठी मांडीच्या मागील सेमिटेंडिनोसस या स्नायूची लांब कंडरा वळवून घेण्याचा उपाय केलिकियन व सहकाऱ्यांनी १९५७ साली सांगितला. कृत्रिम सांध्याच्या रुग्णात तो कदंबी व एंग यांनी १९९२ साली वापरला. ही ऊती रुग्णाची स्वतःची व जिवंत असल्याने जंतुसंसर्गाचे भय कमी, परंतु तिची जाडी मूळ कंडरेच्या मानाने फार थोडी. तुटीचे अंतर लहान असून वाटी खाली आणता येत असेल तरच ती पुरेशी ठरते.

मोठ्या तुटीसाठी दात्याच्या मृत शरीरातून घेतलेली ऊती वापरण्याचा मार्ग इमर्सन, हेड व मॅलिनिन यांनी १९९० साली दाखविला. त्यांनी नडगीचा उंचवटा, खालची कंडरा, वाटी व वरची कंडरा ही सबंध साखळीच रोपण केली. वाटी शाबूत असेल तर घोट्यामागची कंडरा टाचेच्या हाडाच्या तुकड्यासह घेऊन भागविता येते. आरंभीच्या वर्षांत या रोपणांचे यश अनिश्चित राहिले. त्याचे कारण ऊतीत शोधले जात होते. ते सापडले ताणात. बर्नेट, रोझेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दोन गटांची तुलना केली. सात रुग्णांत रोपण सैलसर शिवले होते, जेणेकरून गुडघा लवकर वाकविता यावा. तेरा रुग्णांत गुडघा पूर्ण सरळ ठेवून रोपण शक्य तितके घट्ट ताणून शिवले होते. सैल गटात सरासरी तूट ५९ अंश राहिली व सातही शस्त्रक्रिया निष्फळ ठरल्या. घट्ट गटात सरासरी तूट ४.३ अंश होती. गट लहान असले तरी फरक इतका प्रचंड आहे की, त्याविषयी वाद घालण्यास जागा उरत नाही. घट्ट शिवलेले रोपण टेबलावर वाकवून पाहण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. मांडीवर बांधलेला रक्तरोधक पट्टाही ताण देण्यापूर्वी सोडावा, कारण तो स्नायूस जखडून ठेवतो व खोटा ताण दाखवितो.

मृत ऊतीचा दोष असा की, तिच्यात रुग्णाच्या पेशी पूर्णपणे वसत नाहीत आणि वर्षे जातात तशी ती ताणली जाते. या अडचणीतून निघालेला मार्ग अनपेक्षित ठिकाणाहून आला. पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांची विणलेली जाळी अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत अमेरिकेतील अशर यांच्या कामापासून परिचित आहे. मेयो क्लिनिकमधील ब्राउन व हॅन्सेन यांनी २०११ साली तीच जाळी गुडघ्यात वापरल्याचे प्रसिद्ध केले. सुमारे २५ बाय ३५ सेंटिमीटरचा तुकडा स्वतःभोवती आठदहा वेळा गुंडाळून २ ते २.५ सेंटिमीटर रुंदीची जाड पट्टी करतात. तिचे खालचे टोक नडगीच्या हाडात केलेल्या चरीत सिमेंटने पक्के करतात, वरचे टोक स्नायूंच्या थरांतून ओवून घेतात, आणि आतल्या व बाहेरच्या बाजूंचे स्नायू मोकळे करून, खाली ओढून, जाळीवर एकमेकांवर चढवून शिवतात. जाळी आणि कृत्रिम सांधा यांच्यामध्ये रुग्णाच्या मऊ ऊतीचा थर राहिलाच पाहिजे. नाहीतर घर्षणाने दोहोंचेही नुकसान होते. पुढे जाळीच्या छिद्रांत तंतुमय ऊती वाढते आणि जाळी तिचा सांगाडा होऊन राहते. पहिल्या तेरा रुग्णांपैकी तिघांत रोपण फसले. त्याच संस्थेने २०१८ साली ७७ गुडघ्यांचा वृत्तांत दिला, त्यात ६५ गुडघ्यांत जाळी टिकून होती. हे सर्व रुग्ण संधिरोपणानंतरच्या भंगाचे होते हे लक्षात ठेवूनही, इतक्या बिकट व्याधीत हा निकाल उपेक्षणीय नाही.

महाराष्ट्रातील शल्यविशारदास या दोन मार्गांतील निवड केवळ शास्त्रीय कारणांवर करता येत नाही. दात्याची ऊती मिळण्यासाठी ऊतिपेढी लागते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशी पेढी १९८८ साली सुरू झाली, आणि १९९४ च्या अवयव-प्रतिरोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला. तरीही संपूर्ण प्रसारण-साखळी योग्य मापाची, योग्य बाजूची व योग्य वेळी हाती येणे ही सहज घडणारी गोष्ट नाही. अंतर्गळाची जाळी मात्र जिल्ह्याच्या गावातील शस्त्रक्रियागृहातही मिळते. २०१७ साली केंद्र शासनाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातल्याने सांध्याचा खर्चही उतरला. अर्थात साहित्य स्वस्त झाले म्हणजे शस्त्रक्रिया सोपी झाली असे नव्हे.

खरी अडचण शस्त्रक्रियागृहाबाहेर सुरू होते. कृत्रिम सांध्याचा आणि जोडलेल्या कंडरेचा शस्त्रक्रियोत्तर आहार-विहार परस्परविरोधी आहे. संधिरोपणाचा नियम असा की, रुग्णास त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उभे करावे व गुडघा ताबडतोब वाकवू लागावा. विलंब झाला तर सांधा आखडतो. कंडरेचा नियम असा की, गुडघा सरळ स्थितीत निश्चल ठेवावा. घाई झाली तर शिवण लांबते. हा कलह तडजोडीने मिटविण्याचा प्रयत्न, म्हणजे थोडे वाकवावे व थोडे जपावे असा मध्यम मार्ग, वर सांगितलेल्या सैल गटाचीच पुनरावृत्ती ठरण्याचा संभव आहे. निर्णय कंडरेच्या बाजूने द्यावा लागतो. जाळीच्या पुनर्रचनेनंतर पाय पूर्ण सरळ ठेवून सुमारे तीन महिने प्लॅस्टरमध्ये किंवा पक्क्या आधारपट्टीत ठेवतात. त्यानंतर कुलूप असलेल्या पट्टीतून वाकण्याची मर्यादा टप्प्याटप्प्याने सैल करतात. सांधा काही प्रमाणात आखडेल हे आधीच मान्य केलेले असते. तोटा दोन्हीकडे आहे. पण आखडलेला सांधा पुढे व्यायामाने बराचसा सुटतो, ताणली गेलेली कंडरा आपणहून आखूड होत नाही.

रुग्णास ही गोष्ट समजावून सांगणे अत्यंत निकडीचे आहे, आणि आपल्या समाजात ते विशेष कठीण आहे. जमिनीवर मांडी घालून जेवणे, पूजेस बसणे, उकिडवे बसणे या गोष्टी रुग्णास गुडघा बरा झाल्याची खूण वाटतात. पुनर्रचनेनंतर गुडघा ९० अंशांच्या आसपास वाकला तरी समाधान मानावे लागते, आणि मांडी घालण्याची आशा सोडावी लागते. रुग्णाचे नातेवाईक सहाव्या आठवड्यात विचारतात की, शेजारच्या घरातील गृहस्थ शस्त्रक्रियेनंतर पंधराव्या दिवशी पायऱ्या चढले, मग आमचे वडील अजून प्लॅस्टरात का? या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियेपूर्वीच दिलेले नसेल तर घरच्या घरी पट्टी सोडून पाय वाकविण्याचे प्रयोग सुरू होतात. कित्येक महिन्यांचे काम मग एका दुपारी वाया जाते.

सांधा आणि कंडरा यांची दुरुस्ती एका बैठकीत करावी की दोन? दोन बैठकांच्या बाजूने असे म्हणता येते की, आधी कंडरा जोडून स्नायूस बळ येऊ द्यावे, मग सांधा बदलावा. म्हणजे दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर गुडघा लवकर हलविता येईल. परंतु झिजलेल्या, वाकड्या सांध्यावर जोडलेली कंडरा सांधा सरळ होताच चुकीच्या लांबीची ठरते, आणि सांधा उघडताना नवी जोडणी पुन्हा ओढली जाते. शिवाय त्याच त्वचेवर दुसरा छेद व जंतुसंसर्गाचा दुसरा धोका येतो. बहुतेक रुग्णांत एकच बैठक श्रेयस्कर मानावी. अपवाद त्या गुडघ्याचा, ज्यात पूर्वी जंतुसंसर्ग झाला आहे किंवा तो असल्याचा संशय आहे. तेथे जाळी आणि धातू दोन्ही परकी द्रव्ये एकत्र ठेवणे धाडसाचे होय; आधी संसर्गाचा निकाल लावावा.

काही रुग्णांत काहीच न जोडणे शहाणपणाचे असते. तूट १० ते १५ अंशांचीच असेल आणि भंग अपुरा असेल, तर साधे संधिरोपण, आधारपट्टी व चिकाटीचा व्यायाम यांनी काम भागते; डॉब्स यांच्या रुग्णसंग्रहातही अपुरे भंग शस्त्रक्रियेविना समाधानकारक राहिल्याचे दिसते. उलट ज्याचा स्नायू चरबीने व्यापला आहे, ज्याचे मधुमेहाचे नियंत्रण नाही, किंवा ज्याला तीन महिने सरळ पायाने सांभाळणारे घरी कोणी नाही, अशाचे संधिरोपण शस्त्रक्रियागृहात उत्तम झाले तरी घरी त्याचे पडणे थांबत नाही. त्यास सांध्याच्या जागी कुलपाची आधारपट्टी द्यावी, किंवा वेदना असह्य असल्यास गुडघा कायमचा सरळ जोडून टाकण्याचा, म्हणजे संधिबंधनाचा, पर्याय पुढे ठेवावा. जोडलेला गुडघा वाकत नाही, पण तो दुखत नाही आणि दगाही देत नाही. मात्र हा पर्याय कृत्रिम सांधा बसविण्यापूर्वी जितका सुलभ असतो तितका तो फसल्यानंतर राहत नाही, कारण तोवर पुष्कळ हाड कापले गेलेले असते व उरलेली हाडांची टोके एकमेकांस नीट भिडत नाहीत. यास्तव संधिबंधनाची चर्चा पहिल्या भेटीत व्हावी, आणि रुग्णाने तो पर्याय ऐकून नाकारला असल्यास तशी नोंद संमतिपत्रात असावी.